नोंदणी, मान्यता आणि मनमाड : एका रेल्वे-गावातील कामगार हक्कांचा इतिहास

नाशिक जिल्ह्याच्या नांदगाव तालुक्यातील मनमाड हे गाव शहर झाले ते रेल्वेमुळे, आणि तेथील कामगार चळवळीचा इतिहासही रुळांपासूनच सुरू होतो. १८५३ मध्ये मुंबई ते ठाणे पहिली गाडी धावल्यानंतर ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीने, म्हणजे लोकांच्या तोंडी बसलेल्या जीआयपीने, थळ घाट ओलांडून आपला मार्ग खानदेशाकडे नेला. १८७८ मध्ये दौंडकडून येणारा फाटा मनमाडला मिळाला. आणि शतक संपता संपता निजामाच्या राज्यातून औरंगाबादमार्गे आलेला मीटरगेज मार्गही येथेच येऊन टेकला. दोन मार्गांच्या रुळांतील अंतर वेगळे असल्याने एका गाडीतील माल उतरवून दुसऱ्या गाडीत चढवण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि ते काम माणसांच्या पाठीवरच होत असे. त्यात पुलांचे लोखंडी गर्डर घडवणाऱ्या रेल्वेच्या अभियांत्रिकी कारखान्याची भर पडली. अशा रीतीने हमाल, गँगमन, सांधेवाले, खलाशी, फिटर, गार्ड आणि कारकून अशी, पगाराने व प्रतिष्ठेने एकमेकांपासून दूर असलेली, पण एकाच मालकाच्या चाकरीत असलेली वस्ती या गावात उभी राहिली. तो मालक मात्र गावात नव्हता. आधी तो लंडनमध्ये नोंदलेली कंपनी होता, आणि १ जुलै १९२५ पासून सरकार झाला.

अशा मालकाशी बोलायचे कोणी, हा प्रश्न मनमाडपुरता नसला तरी मनमाडसारख्या जंक्शनावर तो फार तीव्रतेने उभा राहत असे, कारण येथील कामगाराच्या बढतीचा, बदलीचा किंवा बडतर्फीचा निर्णय त्याने कधी न पाहिलेल्या कचेरीत होत असे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून त्यांच्या मागण्यांवर सह्या गोळा केल्या तेव्हा, आणि १८९९ मध्ये जीआयपीच्या तारायंत्रावर काम करणाऱ्या सिग्नलरांनी संप केला तेव्हाही, कामगारांच्या एकत्र येण्याला कायद्याचे कोणतेही संरक्षण नव्हते. उलट, मालकाचे नुकसान होईल अशा रीतीने कामगारांना एकत्र आणणे हा कट ठरू शकत होता, आणि मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटिक गिरणीच्या प्रकरणात बी. पी. वाडिया यांच्यासारख्या पुढाऱ्यावर न्यायालयातून बंदी आणण्यापर्यंत मालकांची मजल गेली होती. १९२६ चा ट्रेड युनियन कायदा आला तो या पार्श्वभूमीवर. त्याने किमान सात व्यक्तींना कामगार संघटना नोंदवण्याचा अधिकार दिला, आणि नोंदलेल्या संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना व सदस्यांना, संघटनेचे रास्त काम करताना, फौजदारी कटाच्या आरोपापासून व नुकसानभरपाईच्या दिवाणी दाव्यांपासून संरक्षण दिले.

येथे दोन संज्ञांतील फरक स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण पुढच्या शंभर वर्षांचा वाद त्या फरकावरच उभा आहे. नोंदणी म्हणजे सरकारच्या दप्तरी संघटनेचे अस्तित्व मान्य होणे. मान्यता म्हणजे मालकाने त्या संघटनेला कामगारांची प्रतिनिधी समजून तिच्याशी वाटाघाटी करणे. पगार, कामाचे तास, रजा, बढती यांसंबंधी एकेकट्या कामगाराऐवजी संघटनेने सर्वांच्या वतीने मालकाशी करार करण्याच्या या रीतीला सामुदायिक सौदा असे म्हणतात. १९२६ च्या कायद्याने नोंदणी दिली, परंतु मान्यतेविषयी त्यात एक शब्दही नव्हता. नोंदलेल्या संघटनेचे पत्र मालकाने उघडावे असे बंधन कोणावरही नव्हते, आणि म्हणून संघटना बांधण्याचा हक्क मिळूनही ऐकून घेतले जाण्याचा हक्क कामगाराला मिळालाच नव्हता.

४ फेब्रुवारी १९३० रोजी सुरू झालेल्या जीआयपीच्या मोठ्या संपात या उणिवेची किंमत कामगारांनी मोजली. नागपूरचे रा. स. रुईकर हे या काळातील जीआयपी कामगार चळवळीचे प्रमुख पुढारी होते. संप अनेक आठवडे चालला, प्रशासन वाटाघाटीला तयार झाले नाही, आणि शेवटी संप मोडला तेव्हा कामावर परत न घेतलेल्या माणसांचा प्रश्न मूळ मागण्यांपेक्षाही मोठा होऊन बसला. हा संप चालू असतानाच, २ मार्च १९३० रोजी, याच रेल्वेमार्गावरील नाशकात काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. रुळांवर काम करणाऱ्या अस्पृश्य समाजातील माणसाच्या दृष्टीने या दोन घटना वेगळ्या नव्हत्या, कारण तो दोन्हीकडे बाहेरच उभा होता. मात्र त्या काळच्या कामगार पुढाऱ्यांनी त्यांचा एकत्र विचार केल्याचे सहसा दिसत नाही. हा विचार मांडला गेला तो आठ वर्षांनी, आणि मनमाडला.

१२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाड येथे जीआयपी रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली भरली. हजारोंच्या संख्येने आलेल्या या माणसांसमोर त्यांनी प्रथम हे स्पष्ट केले की आजवरच्या परिषदा सामाजिक अन्यायाच्या निवारणासाठी होत्या, आणि येथे जमलेले लोक मात्र प्रथमच कामगार म्हणून, आपल्या आर्थिक गाऱ्हाण्यांसाठी जमले आहेत. स्थळाची निवड विचारपूर्वक झालेली होती असे मानण्यास जागा आहे. मनमाड हे तीन मार्गांच्या संगमाचे ठिकाण होते, तेथे कारखाना आणि मोठी रेल्वे वस्ती होती, आणि ज्या येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली होती ते गाव दौंडच्या मार्गावर तेथून अगदी जवळ होते.

या परिषदेतील भाषण मराठी वाचकांना परिचित आहे ते त्यातील एका सूत्रामुळे : भारतातील कामगाराला ब्राह्मण्य आणि भांडवलशाही या दोन शत्रूंशी लढावयाचे आहे. ब्राह्मण्य या शब्दाने आपल्याला ब्राह्मण ही जात अभिप्रेत नसून स्वातंत्र्य, समता आणि बंधुता यांचा नकार अभिप्रेत आहे, आणि हा नकार सर्व जातींत पसरलेला आहे, असेही त्यांनी तेथेच स्पष्ट केले होते. तथापि हे सूत्र घोषणेसारखे उद्धृत करण्यात त्यामागचा पुरावा नजरेआड होतो, आणि इतिहासाच्या दृष्टीने तो पुरावाच अधिक मोलाचा आहे. रेल्वेत अस्पृश्य कामगार जन्मभर गँगमन का राहतो, याचे उत्तर त्यांनी नोकऱ्यांच्या उतरंडीची एकेक पायरी तपासून दिले. गँगमन म्हणजे मुकादमाच्या हाताखाली टोळीने रुळांची देखभाल करणारा, खडी ठोकणारा आणि स्लीपर बदलणारा कामगार. उन्हापावसात रुळांवर राहणारा आणि पगाराने सर्वांत खालचा. त्याला स्थानकावर पोर्टर होता येत नसे, कारण लहान स्थानकांवर पोर्टरकडून स्टेशन मास्तरच्या घरचे पाणी भरण्यासारखी कामेही करून घेतली जात, आणि अस्पृश्याचा हात त्या घरातील भांड्यांना चालत नसे. कारखान्यातही वरच्या जागा त्याला बंदच होत्या, कारण इतर जातींच्या माणसांवर हुकूम चालवणारा मिस्त्री वा फोरमन म्हणून तो स्वीकारला जात नसे. मुंबईच्या गिरण्यांत अधिक मजुरीच्या विणकाम खात्यात त्याला प्रवेश नव्हता, याचाही त्यांनी उल्लेख केला.

या विश्लेषणाचे महत्त्व असे की विषमता ही कामगारवर्गाच्या बाहेरून आलेली नसून कामाच्या रचनेतच मुरलेली आहे, हे त्याने दाखवून दिले. अस्पृश्य कामगारांनी वेगळी परिषद भरवणे म्हणजे कामगारांत फूट पाडणे, हा त्या काळी डाव्या पुढाऱ्यांकडून होणारा आरोप होता. त्यावर आंबेडकरांचे उत्तर असे की एका कामगाराला दुसऱ्याचा शत्रू बनवणारी कारणे नाहीशी करणे हाच ऐक्याचा मार्ग आहे, आणि जो हक्क आपण मालकाकडे मागतो तोच हक्क शेजारी काम करणाऱ्याला नाकारता येणार नाही, हे कामगारांना सांगण्याचे धैर्य पुढाऱ्यांनी दाखवले पाहिजे. संघटनांमधील आपसातील स्पर्धेवर आणि त्यांच्या साचलेपणावरही त्यांनी कठोर टीका केली, परंतु संघटना नको असा निष्कर्ष त्यांनी काढला नाही. संघटनेचे साधे संघटनात्मक हितही राजकीय सत्तेवाचून राखता येत नाही, म्हणून कामगारांनी राजकारणात उतरले पाहिजे, आणि त्यासाठी ऑगस्ट १९३६ मध्ये स्थापन झालेल्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या पाठीशी उभे राहावे, हे त्यांचे प्रतिपादन होते. प्रतिनिधित्वाचा प्रश्न मालक आणि संघटना यांच्यात जसा असतो तसाच तो संघटनेच्या आतही असतो, हा मनमाडच्या परिषदेतून निघणारा विचार कामगार कायद्याच्या इतिहासलेखनात अजूनही पुरेशी जागा मिळवू शकलेला नाही.

राजकीय सत्तेचा मुद्दा किती निकडीचा होता हे त्याच वर्षी दिसून आले. सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबई प्रांताच्या काँग्रेस सरकारने औद्योगिक कलह विधेयक आणले. त्याच्या घडणीत त्या वेळचे संसदीय सचिव गुलझारीलाल नंदा यांचा मोठा वाटा होता. विधेयकाचा हेतू तडजोडीची सक्ती करून संप टाळणे हा होता : तडजोडीची ठरावीक प्रक्रिया पूर्ण होण्यापूर्वी केलेला संप बेकायदेशीर, आणि त्यात भाग घेणारा कामगार शिक्षेस पात्र. संघटनांच्या नोंदणीबाबतही त्यात भेद होता, कारण मालकाने मान्य केलेल्या संघटनेला कमी सदस्यसंख्येवर नोंदणी मिळे, तर मालकाची मान्यता नसलेल्या संघटनेला त्याहून पुष्कळ अधिक सदस्य दाखवावे लागत. काम करण्याचे नाकारणे हा माणसाच्या स्वातंत्र्याचाच भाग असून त्याबद्दल तुरुंगवास देणे म्हणजे कामगाराला गुलाम करणे होय, अशी भूमिका आंबेडकरांनी विधिमंडळात मांडली. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी एकत्र येऊन या विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप घडवला. मनमाडला ज्यांच्यावर टीका झाली त्यांच्याच खांद्याला खांदा लावून नऊ महिन्यांत लढा दिला गेला, ही गोष्ट मनमाडच्या भाषणाचा फुटीर असा अर्थ लावणाऱ्यांनी विसरता कामा नये. विधेयक तरीही संमत झाले.

मान्यतेचा प्रश्न कायद्याच्या भाषेत आणण्याची संधी आंबेडकरांना व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना मिळाली. नोव्हेंबर १९४३ मध्ये त्यांनी ट्रेड युनियन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले, ज्याचा गाभा असा होता की प्रातिनिधिक असलेल्या संघटनेला मान्यता देणे मालकावर बंधनकारक व्हावे. १९४६ मध्ये ते सुधारित स्वरूपात पुन्हा आले आणि स्वातंत्र्यानंतर १९४७ च्या अखेरीस कायदा म्हणून संमतही झाले. मान्यतेची सक्ती आणि मालक व संघटना या दोहोंच्या अनुचित प्रथांवरील निर्बंध त्यात होते. परंतु तो अमलात आणणारी अधिसूचना सरकारने कधीही काढली नाही. कायद्यांच्या पुस्तकात छापला गेलेला, गव्हर्नर जनरलची संमती मिळालेला, आणि तरीही एकाही कामगाराच्या उपयोगी न पडलेला हा कायदा म्हणजे स्वतंत्र भारताच्या कामगार धोरणातील फार मोठे अपयश होय. त्याची जबाबदारी कोणा एका पक्षावर टाकून चालणार नाही, कारण पुढील अनेक सरकारांना ती अधिसूचना काढता आली असती.

केंद्राने सोडलेली ही जागा राज्याने आपल्या परीने भरली. मुंबई प्रांताने १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्याने प्रातिनिधिक संघटना ही कल्पना आणली. एखाद्या उद्योगात, एखाद्या स्थानिक क्षेत्रात ठरावीक प्रमाणात सदस्य असलेल्या संघटनेला त्या उद्योगातील सर्व कामगारांच्या वतीने बोलण्याचा एकमेव अधिकार त्याने दिला. या एकाधिकाराची धोक्याची बाजू १८ जानेवारी १९८२ पासून चाललेल्या मुंबईच्या गिरणी संपात उघड झाली, जेव्हा सुमारे अडीच लाख कामगार संपाचे पुढारी दत्ता सामंत यांच्या पाठीशी उभे असताना कायद्याच्या दृष्टीने त्यांची प्रतिनिधी राष्ट्रीय मिल मजदूर संघ हीच राहिली. इतर उद्योगांसाठी महाराष्ट्राने १९७१ मध्ये कामगार संघटनांना मान्यता देण्याचा आणि अनुचित कामगार प्रथा रोखण्याचा स्वतंत्र कायदा केला आणि तो ८ सप्टेंबर १९७५ पासून लागू झाला. ५० किंवा अधिक कामगार असलेल्या उपक्रमात, मागील सहा महिने किमान ३० टक्के सदस्यत्व राखलेल्या संघटनेला औद्योगिक न्यायालयाकडे अर्ज करून मान्यता मिळवता येते. तिने दरमहा किमान ५० पैसे वर्गणी घेणे, तीन महिन्यांच्या आत कार्यकारिणीची बैठक घेणे आणि वर्षातून एकदा हिशेब तपासून घेणे आवश्यक असते. मान्यता ही मालकाची मर्जी न राहता न्यायालयात सिद्ध करण्याची वस्तुस्थिती ठरली, हे या कायद्याचे खरे श्रेय आहे, आणि देशातील बहुसंख्य राज्यांत असा कायदा नसताना महाराष्ट्राने तो केला याचा अभिमान बाळगण्यास हरकत नाही. त्याची उणीव अशी की सदस्यत्वाची पडताळणी पावत्या आणि नोंदवह्या यांवर चालते, कामगारांच्या गुप्त मतदानावर नाही.

मनमाडमध्ये मात्र या राज्य कायद्याची हद्द रेल्वेच्या कुंपणापाशी संपते. हा कायदा ज्या उद्योगांचे योग्य शासन राज्य सरकार आहे त्यांनाच लागू होतो, योग्य शासन म्हणजे औद्योगिक तंट्यात हस्तक्षेप करण्याचा अधिकार असलेले सरकार; आणि रेल्वेसाठी ते केंद्र सरकार आहे. त्यामुळे एकाच शहरातील बाहेरच्या कारखान्यातील कामगाराला जी मान्यता न्यायालयात मागता येते ती गर्डर घडवणाऱ्या रेल्वे कामगाराला त्या मार्गाने मागता येत नाही. रेल्वेत मान्यता ही दीर्घकाळ प्रशासनाने दिलेली सवलत होती. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी जीआयपी आणि निजामाची रेल्वे यांसह मध्य रेल्वे स्थापन झाली, आणि १९५२ पासून कायमस्वरूपी वाटाघाट यंत्रणा सुरू झाली, तिच्यात मान्यताप्राप्त संघटनांचे प्रतिनिधी ठरावीक काळाने अधिकाऱ्यांसमोर प्रश्न मांडतात. ही यंत्रणा असूनही ८ मे १९७४ रोजी सुमारे १७ लाख रेल्वे कामगारांचा संप झाला, संपापूर्वीच जॉर्ज फर्नांडिस यांच्यासह पुढाऱ्यांना अटक झाली, वसाहतींतील कुटुंबांवर घरे सोडण्याचा दबाव आला, आणि २७ मे रोजी संप मागे घ्यावा लागला. १९३० प्रमाणेच संपानंतर कामावर परत घेण्याचा लढा वर्षानुवर्षे चालला. २००७ पासून रेल्वेत मान्यतेसाठी गुप्त मतदान होऊ लागले, २०१३ आणि डिसेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा झाले. ज्या बाबतीत राज्याचा कायदा मागे राहिला तेथे रेल्वे पुढे गेली, हे मान्य केले पाहिजे. जातीच्या वा धर्माच्या आधारावर बांधलेल्या संघटनेला रेल्वे मान्यता देत नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या कर्मचाऱ्यांच्या संघटनेशी प्रशासनाच्या बैठका होतात, परंतु सामुदायिक सौद्याच्या मेजावर तिची खुर्ची नसते, आणि १९३८ ची परिषद ज्या माणसांची होती त्यांच्या वारसांना आपला प्रश्न मोठ्या संघटनांमार्फतच मांडावा लागतो.

मनमाडची दुसरी मोठी श्रमशक्ती धान्याच्या गोदामांत आहे. रेल्वेच्या सोयीमुळे भारतीय अन्न महामंडळाची फार मोठी कोठारे या शहरात उभी राहिली, आणि वॅगनमधून पोती उतरवणे, थप्पी लावणे, पुन्हा भरणे हे काम हमालांच्या टोळ्यांकडे आले. हमालाला एक कायमचा मालक नसतो. आज तो एकाचा माल उचलतो, उद्या दुसऱ्याचा, आणि म्हणून ३० टक्के सदस्यत्व कोणत्या उपक्रमाचे मोजायचे, हा प्रश्नच त्याच्या बाबतीत फोल ठरतो. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील माथाडी कामगारांच्या चळवळीतून १९६९ मध्ये झालेल्या माथाडी कायद्याने यावर वेगळाच उपाय शोधला : सरकार, मालक आणि कामगार यांच्या प्रतिनिधींचे मंडळ नेमायचे, मालक व कामगार दोघांची नोंद त्यात करायची, मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही, म्हणजे भविष्यनिर्वाह निधी, रजा, उपदान यांसाठीची आकारणी, मालकाने मंडळाकडे भरायची, आणि मंडळाने ती कामगारापर्यंत पोहोचवायची. सौदा करण्यासाठी समोर मालकच नाही, या अडचणीवर कायद्याने शोधलेला हा उपाय मौलिक आहे, आणि सामुदायिक सौद्याच्या इतिहासात महाराष्ट्राचे ते सर्वांत स्वतंत्र योगदान मानावे लागेल.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेने १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याची जागा घेतली, आणि वाटाघाट करणाऱ्या संघटनेची तरतूद प्रथमच केंद्रीय कायद्यात अमलात आली : अनेक संघटना असल्यास ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना एकमेव वाटाघाट संघटना, आणि तशी कोणीच नसल्यास किमान २० टक्के पाठिंब्याच्या संघटनांची परिषद. हा पाठिंबा हजेरीपटावरील कामगारांतूनच मोजायचा आहे. रेल्वेच्या गुप्त मतदानाची यादीही नियमित कर्मचाऱ्यांचीच असते. फलाट झाडणारे, डबे धुणारे आणि रुळांच्या कामावर कंत्राटदारामार्फत येणारे कामगार त्या यादीत नसतात. त्यांच्या पगारावरची सही कंत्राटदाराची असते, आणि कंत्राट बदलले की त्यांचा मालकही बदलतो. मनमाडच्या रुळांवर १९३८ मध्ये सर्वांत खालच्या पायरीवर नोंद असलेला गँगमन होता. आज त्याला ट्रॅक मेंटेनर म्हणतात, त्याला मत आहे, वेतनश्रेणी आहे, आणि त्याच्या खालच्या पायरीवर यादीबाहेरचा माणूस काम करतो.